नवकल्पना सुचल्याबद्दल: एका नव्या महसूल सहायकास अनावृत पत्र

चि. नवनियुक्त महसूल सहायकास,



तुझी दोन पानी टिपणी वाचली. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी तहसीलच्या दाराबाहेर मोठ्या अक्षरांत लावावी, म्हणजे निराधार माणसांना दर खेपेला एकेक नवा कागद ऐकून परत जावं लागणार नाही, असं तू सुचवलं आहेस. चहा संपेपर्यंत मी त्यात खोट शोधली. सापडली नाही. म्हणूनच तुला वेळीच सावध करतो.

ही टिपणी माझ्यामार्फत नायब तहसीलदारांकडे जाईल. ते ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतील. त्या चर्चेला तुला बोलावतील या भ्रमात राहू नकोस. चर्चा तुझ्याविषयी असेल. मग ‘इतर तालुक्यांत काय पद्धत आहे, माहिती घ्यावी’ असं ठरेल. इतर तालुके कळवतील की आमच्याकडे अशी पद्धत नाही. तिथंही कुणा पोराने हेच सुचवलेलं असेल आणि त्यांनी आपल्याकडून माहिती मागवलेली असेल. शेवटी ‘प्रचलित पद्धत चालू ठेवावी’, आणि दप्तरी दाखल.

वर तू कायद्याचे दाखले दिलेस, हे तर फारच पोरकट झालं. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असं २००५ चा दिरंगाईविरोधी कायदा सांगतो. आपल्याकडे राहतच नाही. सातव्या दिवशी एखादा प्रश्न विचारून ती खाली पाठवतो. त्याच कायद्यात बदल्यांचेही नियम आहेत आणि साहेबांचा एका जागेवरचा काळ साधारण तीन वर्षांचा धरलेला आहे. म्हणजे फाईल हलते आणि साहेबही हलतात, स्थिर काय ते आपण. राहिला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. सेवा, त्यांची मुदत आणि अधिकारी यांचा फलक त्याने बंधनकारक केला. तो आपण लावला आहे. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्यापुढे कपाट ठेवलं आहे, एवढंच.

तू कार्यालयाच्या ग्रुपवर कोडॅकची गोष्ट टाकलीस, तीही वाचली. १९७५ साली स्टीव्हन सॅसन नावाच्या पोरसवदा इंजिनिअरने तिथे पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत, वरिष्ठांनी कौतुक करून तो बाजूला ठेवला आणि २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुझ्या मते हा वरिष्ठांचा पराभव. बाळा, १९७५ ते २०१२ म्हणजे सदतीस वर्षं. तेवढ्या काळात तिथून किती साहेब हार-तुरे घेऊन निवृत्त झाले असतील, याचा हिशेब कर. नवी कल्पना बुडवणाऱ्याच्या हयातीत तिचं बिल सहसा येत नाही.

आता आपल्याच घरातलं उदाहरण घे. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. टेबलावरच्या कागदांच्या ढिगाचे त्यांनी सहा गठ्ठे करायला लावले: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे आणि नष्ट करायचे. बस, एवढंच. यात मोठं शास्त्र नव्हतं. पण ‘लखिना पॅटर्न’ म्हणून त्याचा बोलबाला झाला, आणि तो योग्यच होता, कारण कागद सापडू लागले. त्याआधी एकाही कारकुनाला कागद वेगळे लावावेत असं सुचलंच नसेल, यावर माझा विश्वास नाही. सुचलं असणार, कुणीतरी बोललाही असणार. पण जिल्हाधिकाऱ्याला सुचतं तेव्हा तो पॅटर्न होतो, कारकुनाला सुचतं तेव्हा ती तक्रार होते. पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम निघाली, तिचाही आधार हेच सहा गठ्ठे. गठ्ठे पुन्हा बांधावे लागले, म्हणजे मधल्या काळात ते सुटले होते, हे तुला वेगळं सांगायला नको. अंमल करणारा बदलून गेला की दोरी सैल होते.

तेव्हा शहाणा असशील तर टिपणी परत घे आणि तपासणीची तारीख लागेपर्यंत गप्प बस. जिल्हाधिकारी येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, फोटोला काहीतरी नवं लागतं. २०२५ मध्ये शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात आपल्या कार्यालयात पिण्याच्या पाण्याचं यंत्रसुद्धा आलं. अशा वेळी आत जाऊन म्हणायचं, “साहेब, परवा आपण यादीचं म्हणाला होतात ना, ती तयार केली.” साहेब काहीही म्हणालेले नसतात. पण नाकारणारही नाहीत. संध्याकाळपर्यंत यादी दारावर असेल आणि ती बघायला तूच सर्वांत मागे उभा असशील. याला लबाडी म्हणू नकोस. शासकीय भाषेत ‘योग्य मार्गाने सादर’ म्हणतात.

फक्त फलकाखाली ‘संकल्पना’ म्हणून साहेबांचं नाव रंगवू नकोस. नावाचा फलक नवे साहेब पहिल्याच आठवड्यात उतरवतात. बिननावी फलक कुणाला खुपत नाही, म्हणून तो राहतो.

तुझा हितचिंतक,
एक जुना अव्वल कारकून

ता. क. : यादीत प्रत्येक कागदाची एकच झेरॉक्स लिही. तीन आपण सवयीने मागतो, त्यातल्या दोन रद्दीत जातात.