पोरीचं रीडिंग कमी आलं म्हणे!

"मामा, पोरगी कालपासून नीट जेवंना. फिजिक्सचं प्रॅक्टिकल चुकलं म्हणून रडायलीय," शेजारच्या ताईंनी तुरीच्या शेंगांचं सूप भिंतीवर ठेवलं आणि सोलता सोलता विषयाला हात घातला.

"कोणतं प्रॅक्टिकल?"

"मला काय कळतंय? प्लँक का फ्लँक. हिचं उत्तर पाच पॉइंट सहा आलं. यायला पाहिजे होतं सहा पॉइंट सहा. वर्गातल्या सगळ्यांचं बरोब्बर आलं, मग हिचंच कामून नाही आलं?"

मला हसू आलं. नोकरीभर मी फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर होतो, म्हणून लोह्यातली ही गल्ली मला मामा म्हणते. सरांना पोरांची हजेरी माहीत असते, मामाला पोरांची करणी. म्हटलं, "ताई, ज्या बॅचमध्ये सगळ्यांचं बरोब्बर येतं, त्या बॅचनं एकच जर्नल फिरवलेलं असतं."

"काय सांगता!"

"ऐका तर. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार एलईडी असतात. एकेकाला हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि दिवा जरासा उजळला की मीटर वाचायचा. लाल पावणेदोन व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला अडीचच्या आसपास लागतात. मग आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून प्लँकचा स्थिरांक. आता दिवा उजळला हे ठरवणार कोण? पोरीचे डोळे. खिडकीचा काळा पडदा फाटका असला की उजळलेला दिवा उशिरा दिसतो. त्यात आलेखावर ठिपके चारच. एक सरकला की सगळा चढ बदलला. पाच पॉइंट सहा म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास चूक. असल्या लॅबमध्ये मला तर हे उत्तर लई खरं वाटतंय."

"आन् बाकीच्यांचं?"

"उलटी पावलं. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं, 6.626 गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात. तिथून मागं मागं येत रीडिंग तयार करायची. पकडायलाही सोपं. मीटर दोन दशांशांपलीकडं काही दाखवत नाही आणि जर्नलमध्ये लिहिलेलं असतं 1.774!"

ताईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हणजे ती कोपऱ्यावरच्या घरातली, पैली येती म्हणून मिरवती ती..."

"नाव नका घेऊ. भिंतीला कान असतात."

मग मी त्यांना त्याहून मोठ्या घरची भानगड सांगितली. आमचे सर लोक चहा पिताना बोलायचे, तेव्हा कान उघडे असायचे माझे. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन नावाचा एक मोठा शास्त्रज्ञ होता. तेलाचे बारीक थेंब विजेच्या दोन पट्ट्यांमध्ये अधांतरी धरून त्यानं इलेक्ट्रॉनवरचा भार मोजला. 1923 चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा. 1913 च्या निबंधात त्यानं 58 थेंबांचा हिशोब दिला आणि ठासून लिहिलं, की निवडून घेतलेले नाहीत, सगळे हेच. पुढं त्याच्या वह्या अभ्यासकांच्या हाती लागल्या. त्यात थेंब कितीतरी जास्त निघाले! कुणी म्हणतं लबाडी केली, कुणी म्हणतं बिघडलेले थेंबच गाळले. त्यावर अजून वाद चालू आहे.

"आगं बाई! नोबेलवाला सुद्धा?"

"पुढचं ऐका. हवेच्या चिकटपणाचा आकडा त्यानं जरासा चुकीचा धरला होता, म्हणून त्याचं उत्तर थोडं कमी आलं. पुढच्यांनी मोजलं तेव्हा सरळ बरोबर उत्तर यायला पाहिजे होतं ना? तसं झालं नाही. आकडा वर्षानुवर्षं थोडा थोडा वर सरकत गेला. मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं, की लोक आपलीच चूक शोधत बसायचे. जुळत आलं, की शोधणं बंद. फाइनमन या शास्त्रज्ञांनी 1974 साली अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या पोरांना हे भाषणात सांगितलंय. तुमची पोरगी काल त्यासाठीच रडली, असं समजा."

ताई थोड्या निवळल्या, पण आईचा जीव. "ते खरं, पण मार्क तर कॉपीवाल्यांनाच पडत्यात की! त्यापेक्षा लातूरला क्लास लावून नीटला बसवली असती तर बरं झालं असतं, असं हिचे पप्पा म्हणायलेत."

आपल्याकडं बारावीला सायन्स म्हणजे लातूर, लातूर म्हणजे नीट आणि नीट म्हणजे डॉक्टर. त्यातून उरलं की मग बीएस्सी, अशी समजूत. त्यावर मी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, की पोरीच्या बीएस्सीतला मॉडर्न फिजिक्सचा पेपर उरलेल्यांसाठी काढलेला नाही. 1900 सालच्या डिसेंबरात प्लँकनं जे मांडलं तिथून सुरुवात, मग आइन्स्टाइन, बोर, आणि 1926 चा श्रोडिंगर. पोरगी 'खोक्यातला कण' म्हणून रात्री जे घोकते ते तेच. गणित कच्चं असेल तर इथं पाय घसरतो. पाठांतरानं थिअरी एक वेळ निघते. लॅबचं तसं नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात पंधरा तास, तर प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस. ते हातानं काम करायला दिलेत, जर्नल उतरवायला नाहीत. आणि मार्कांचं म्हणाल तर पडतात कॉपीवाल्यांना, खोटं कशाला बोलू? पण बाहेरचा परीक्षक खमक्या असला, की व्हायवाला एकच विचारतो: चूक कुठून आली? ज्यानं रीडिंग घेतलंच नाही, तो वर बघत बसतो.

"आन् ह्या सगळ्याचा फायदा काय? लोह्यात राहून कोण विचारतंय?"

"ताई, श्रावणात आपण औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातो की नाही, नांदेडहून वसमतमार्गे? त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, उभी राहणार आहे. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली, 2,600 कोटी रुपये. आपलं विद्यापीठ विष्णुपुरीला, 1994 चं, आणि हिंगोली जिल्हा त्याच्याच हद्दीत. म्हणजे सगळं घरातच."

"तिथं काय करणार?"

"आमच्या लॅबमध्ये मायकेल्सनचं यंत्र होतं. एक किरण फोडायचा, दोन आरशांवरून परत आणायचा आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्या बघायच्या. मी शेजारी फरशी पुसायला लागलो की सर ओरडायचे, 'मामा, फ्रिंज हलली!' औंढ्याचं तेच, फक्त एकेक हात चार किलोमीटरचा. तिकडं दूर आभाळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की हाताच्या लांबीत प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाहून कमी फरक पडतो. तो मोजायचा."

अशाच यंत्रावर अमेरिकेत काम करणाऱ्या लोकांचीही एक गोष्ट सांगितली. 2010 साली अमेरिकेतल्या लायगोत मोठा सिग्नल आला. शेकडो लोक कामाला लागले, महिनोन्‌महिने हिशोब केला, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च 2011 मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं, तर सिग्नल खोटा! आपली माणसं नीट तपासतात का हे बघायला त्यांच्याच मोजक्या लोकांनी गुपचूप घातलेला. असं होऊ शकतं हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. खरा सिग्नल पुढं 14 सप्टेंबर 2015 ला सापडला.

"म्हणजे तिथंबी परीक्षाच घेत्यात म्हणा," ताईंनी सालं गोळा केली.

"घेतात की. म्हणून म्हणतो, पोरीला सांगा, 5.6 खोडू नको. खाली लिही, पडदा फाटका होता, ठिपके चारच होते, पुन्हा मोजायला वेळ मिळाला नाही. सरांनी सही नाही केली तर माझ्याकडं पाठवा, जर्नल घेऊन मी येतो सोबत. आणि आधी तिला दोन घास खायला घाला."