आप्पांच्या मालाला भाव

आमच्या सोसायटीतले आप्पा सकाळी बाकावर टेकले की पहिली बातमी स्वतःच्या पोटाची देतात. "आज एकदम साफ!" विचारलेलं कुणीच नसतं. लोक 'वा, वा' म्हणत चालण्याचा वेग वाढवतात. परवा मात्र मी थांबलो आणि म्हणालो, "आप्पा, तुमच्या मालाला परदेशात मागणी आहे."

थट्टा नव्हे. प्रतिजैविकांचा मारा झाला की रोगजंतूंबरोबर आतड्यातले गुणी जिवाणूही मरतात. मोकळं रान बघून क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा दांडगट मातून उठतो आणि माणसाला जुलाबांनी जेरीस आणतो. औषधाने गेला तरी काहींच्यात तो परत येतो. २०१३ साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी यावरच्या एका उपायाचे निष्कर्ष छापले: निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नाकातून घातलेल्या नळीने रुग्णाच्या आतड्यात सोडायची. (जेवताना वाचत असाल तर आधी ताट संपवा.) १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले, नुसतं व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३ पैकी ४. फरक इतका उघड, की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२३ मध्ये अमेरिकेने अशा जिवाणूंच्या कॅप्सूललाही मान्यता दिली. निदान चव तरी लागत नाही.

आप्पा मनातल्या मनात महिन्याचा हिशेब मांडू लागले. मग मी दात्याच्या अटी सांगितल्या. रक्त तपासणार, मल तपासणार, प्रवास विचारणार, औषधं विचारणार, खासगी सवयीही विचारणार. मुलगी बघायला आलेली मंडळी यापुढे भोळी वाटावीत! वर वयाची अट, आप्पा ऐंशीचे.

"मग नातवाला पाठवू?" म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "नको. तो पिझ्झ्यावर जगतो. त्याचे जिवाणू उपाशी असतील."

बोलले ते खरंच. भाकरी, मटकी, पालेभाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तोच जिवाणूंचा शिधा. तो आंबवून ते ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. जिवाणूंमुळे मूड सुधारतो, वजन उतरतं वगैरे मात्र उंदरांत जेवढं दिसलंय तेवढं माणसांत अजून नाही. महागड्या बाटल्या विकणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

तेव्हा एवढं करा: साध्या सर्दीला डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरू नका. सर्दी विषाणूंची असते. त्यांना त्या गोळीने काही होत नाही. मरतात ते पोटातले.