स्थैर्याचे शास्त्र
डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीची स्थिर आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी निघते आणि मधल्या काळात, सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या वगळता, तिच्यातील पॅकेजे, म्हणजे थेट बसवता येणारे सॉफ्टवेअरचे संच, गोठवलेली राहतात, ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होय. वरचेवर संवादाचे नियम बदलणाऱ्या मुक्त नेटवर्क-सॉफ्टवेअरची जुनी प्रत नव्या सर्व्हरशी बोलत नाही, ही तक्रार उथळ आहे; ज्याची कोणाशीच जोडणी होत नाही, त्याच्यावर हल्ला तरी कोण करणार? (अशा चंचल पॅकेजांसाठी ‘व्होलाटाइल’ हे वेगळे भांडार होते, 2011मध्ये तेही स्थिर शाखेच्या अद्यतनांत विसावले.) याच न्यायाने मुंबई-पुणे लोहमार्गावर खोपोलीचा फाटा फुटतो त्या पळसदरीलाच सर्व गाड्या गोठवाव्यात, म्हणजे बोरघाटातील धोका संपेल, वेळापत्रकही चुकणार नाही आणि पुण्याला निघालेल्यांच्या तक्रारी ‘पुढील आवृत्तीत दुरुस्त’ असा शेरा मारून निकाली काढता येतील.