सात नंबरची बाटली

वऱ्हाडात अनुशेष कशाचा नाही? सिंचनाचा आहे, रस्त्यांचा आहे, कबड्डीच्या मॅटचं तर विचारूच नका. एका बाबतीत मात्र अमरावती-अकोला ठणठणीत. इथं समलिंगी खेळाडू एकही नाही. कोणत्याही स्पर्धेच्या मांडवात जा, छातीवर बिल्ला लावलेले पदाधिकारी छातीठोक सांगतील, "थे पुण्या-मुंबईचं फॅड हाय भाऊ. आपले पोट्टे मातीतले हायेत." हे सांगणं चालू असताना समोर पाच-सहा मातीतले पोट्टे चढाईला आलेल्या एकाला मांडीपासून मानेपर्यंत कवळून त्याच्यावर आडवे पडलेले असतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, वाटूही नये.

तरीही, मुळात नसलेल्या या खेळाडूची बाटली वेगळी असते.

निळ्या झाकणाची, प्लास्टिकची. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं ‘सात’. बाकी अकरा जणांना एक कॅन, एक ग्लास, तोही तोंड लावून. सात नंबरबद्दलची कुजबुज गावभर झाली आणि त्याच आठवड्यात बाटली अवतरली. विचारलं तर म्हणे, "भेदभाव कायचा? स्वच्छता हाय थे." ज्या मैदानावर बारा गडी एका टॉवेलला तोंड पुसतात, मुतारीला दार नाही, नळाला पाणी नाही, तिथं स्वच्छतेचा साक्षात्कार नेमका एका बाटलीपुरता! त्याच संध्याकाळी सात नंबरनं एका चढाईत तिघं बाद केले, लोण चढला, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचले. घाम चालला, गुण चालले, करंडकासोबतचा फोटो चालला. ग्लास तेवढा विटाळतो.

हा हिशेब जुना आहे. सव्वाशेक वर्षांपूर्वी पुण्यात अस्पृश्य गोलंदाजानं घेतलेले बळी संघाला चालत, त्याला चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. 1927 च्या मार्चमध्ये महाडला पाण्यासाठी उठावं लागलं, नोव्हेंबरात इथं अमरावतीत अंबादेवीच्या दारासाठी परिषद भरवावी लागली.

एवढं म्हटलं की बिल्ले खवळतात. "त्या लढ्याशी याची बरोबरी करता?" 14 एप्रिलला माइक न सोडणारे ते हेच. नाही करत बरोबरी. गावकुसाबाहेरच्या पिढ्या, ती उपासमार, ती मारझोड या पोराच्या वाट्याला आलेली नाही. पण तिथला पोरगा अपमान गिळून घरी आला, तर मायबापाला काही समजावून सांगावं लागत नसे. त्यांनी तोच गिळलेला असे. याच्या घरी टीव्हीपुढे मूर्तिजापूरच्या स्थळाचा फोटो ठेवलाय. 377 कलमाची नांगी 6 सप्टेंबर 2018 ला मोडली, आता पोलीस त्याला धरणार नाहीत. काका धरतात, कोच धरतो, व्हॉट्सॲपचा गट धरतो. आणि तुम्ही, भाषणात चवदार तळं खुलं करणारे, एका पोराला पाणी द्यायची वेळ आली की खिशात चिकटपट्टी शोधता? लाज कशी वाटत नाही हो?

परवा म्हणे बैठक झाली. समतेच्या तत्त्वावर एकमतानं ठरलं, की पुढच्या वर्षी बाराही जणांना स्वतंत्र बाटल्या. कोटेशन मागवलंय चाळीसचं. उरलेल्या अठ्ठावीस पाहुण्यांसाठी.