बाबू रजेवर, तालुका थांबलेला

“त्या टेबलचे बाबू आज नाही, सोमवारी या.” कोंढाळीहून काटोलला कामासाठी आलेला माणूस हे ऐकतो आणि परत जातो. नरखेडचा माणूसही तसाच परत जातो. एसटीचं भाडं गेलं, दिवसाची मजुरी गेली. नोव्हेंबर असेल तर आंबिया बहाराच्या तोडणीला लावलेले मजूर मालकाविना बागेत राहिले. कागद पूर्ण असतात, साहेब हजर असतात, संगणक चालू असतो. पुढची पायरी ज्याला ठाऊक, तेवढा एक माणूस जागेवर नसतो.

तो नसणार हे अचानक कळतं का? अजिबात नाही, आणि माझा राग यावरच आहे. सेवापुस्तकात जन्मतारीख चढते त्याच दिवशी निवृत्तीचा महिना ठरतो. कारकुनाला वयाच्या 58 व्या वर्षी घरी जायचं असतं. बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात, तसा 2005चा कायदाच आहे. प्रसूतीची रजा काही महिने आधी माहीत असते. निवडणूक तर जाहीर होऊनच येते. काटोल रामटेक लोकसभा मतदारसंघात येतं. 2024 मध्ये तिथं 19 एप्रिलला मतदान झालं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. कर्मचारी त्या कामाला जाणार हे सगळ्यांनाच माहीत असतं. आजारपण आणि अपघात सोडले, तर गैरहजेरीची तारीख आधीच कुठं तरी नोंदलेली असते. काम कसं करायचं, एवढंच कुठं नोंदलेलं नसतं.

आपल्याला लिहिता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. गावाचं दप्तर पाहा. कागदावर ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं नवं नाव आलं तरी आपण ज्याला पटवारीच म्हणतो, त्याचं सारं काम 1 ते 21 गाव नमुन्यांत बांधलेलं आहे. बाप गेला, संत्र्याच्या बागेवर मुलांची नावं चढवायची आहेत. अर्जाची नोंद नमुना 6-क मध्ये, मग चौकशी, मग नमुना 6 मध्ये फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला 15 दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. पटवारी बदलला तरी नव्या माणसाला वाट नव्यानं शोधावी लागत नाही. कोणता कागद कोणत्या वहीत जातो हे नमुनाच सांगतो. पिढ्यान् पिढ्या सातबारा टिकला, त्यामागं ही शिस्त आहे.

तालुक्याच्या टेबलांसाठीही सोय आहेच. सहा गठ्ठा पद्धतीत प्रत्येक टेबलावर प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं असे गठ्ठे ठरलेले आहेत, आणि त्यातलाच एक स्थायी आदेश संचिकेचा. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयांची घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. म्हणजे विचार महाराष्ट्रातच झाला आहे. पण स्थायी आदेश संचिकेत शासन निर्णयांच्या प्रती लावल्या की काम झालं असं समजणं चूक आहे. शासन निर्णय काय करायचं ते सांगतो. कोणती नोंद आधी घ्यायची, टिपणी कुणाकडून फिरते, कोणता कागद नेहमी अपुरा येतो, कपाटाची दुसरी चावी कुणाकडे, नागपूरला जिल्हा कार्यालयात कोणत्या शाखेला विचारायचं, हे बाबूच्या डोक्यातच राहतं. मला हवं आहे ते एका कामाला एक पान, रोज ते काम करणाऱ्यानं स्वतःच्या भाषेत लिहिलेलं.

यात बाबूला झोडपण्यासारखं काही नाही. रिकाम्या पदांमुळं एकेक माणूस दोन-दोन टेबलं ओढतो. लिहायला वेळ द्यायचा तो वरिष्ठांनीच द्यायचा. आणि त्याचे हालही बघा. रजा मंजूर असते, घरी लग्न असतं किंवा मयत झालेली असते, तरी फोन वाजतो: ती फाइल कुठं ठेवली? ते पान आधी त्याच्या रजेचं रक्षण करील, मग आपल्या खेपेचं.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नं 17 बाबी स्वतःहून जाहीर करायला सांगितल्या, त्यात निर्णयाची कार्यपद्धतीही आहे. त्यालाही 20 वर्षं झाली. बदल्यांच्या ज्या कायद्यानं माणूस हलतो, त्याच कायद्यात कुणाकडेही फाइल साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असंही लिहिलं आहे. खुर्ची रिकामी असली म्हणून हे 7 दिवस थांबत नाहीत.

म्हणून येत्या एप्रिल-मेच्या बदल्यांआधी एक करा. चार्ज देताना कपाट, शिक्का आणि प्रलंबित फायलींची यादी लिहून देतात, त्यात ही पानं जोडा. जाणाऱ्यानं ती लिहावीत. येणाऱ्यानं त्यांवरून निदान एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहावं, जाणारा अजून कार्यालयात असताना. अडेल तिथं पान दुरुस्त करावं, आणि मगच चार्ज रिपोर्टवर सही करावी.