डावी पोटरी

शरीरसौष्ठव हा शब्द नीट उच्चारला की जबड्याचा निम्मा व्यायाम तिथेच होतो. म्हणूनच बहुधा आमच्या जिममध्ये तो कुणी उच्चारत नाही. तिथे सगळे ‘स्टेज’ म्हणतात. अमका यंदा स्टेज करतोय, तमक्याने स्टेज सोडलं. त्यामुळे एका संध्याकाळी आमच्या कोचने मला विचारलं, “ताई, तुम्ही स्टेज का करत नाही?” तेव्हा मी सहज म्हणाले, “केलंय की. सोसायटीच्या गणपतीत तीन वर्षं. एकदा तर जिजाबाई.”

कोच अठ्ठावीस वर्षांची, मी सत्तेचाळीसची. तिने माझ्या दंडाकडे बघितलं, मग मांडीकडे, मग शांतपणे म्हणाली, “ते नाही हो. बिकिनी घालून.”

मी डंबेल खाली ठेवलं. पायावर ठेवलं नाही, एवढंच.

खरं तर मी गुडघ्यासाठी जिमला गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, मांडीचे स्नायू बळकट करा, नाहीतर जिने विसरा. डोंबिवलीत राहून स्टेशनचा पूल विसरता येत नाही. चार वर्षांत गुडघा गप्प बसला आणि मांडी बोलायला लागली. पण ती चारचौघांत, दिव्यांखाली आणि एवढ्याशा कपड्यांत बोलावी, असं माझ्या मनात नव्हतं. मनात नसलेल्या गोष्टी मी नेहमी दुसऱ्या दिवशी ‘हो’ म्हणून टाकते. लग्नही असंच झालं.

बायकांच्या स्पर्धेत प्रकार किती, तर साड्यांच्या दुकानात असतात तितके. बिकिनी, वेलनेस, फिगर, फिजीक आणि सगळ्यांत पिळदार ते बॉडीबिल्डिंग. प्रत्येकात किती स्नायू हवेत आणि किती झाले म्हणजे जास्त, याचे हिशेब वेगळे. पहिल्या तिन्हींत उंच टाचा घालतात, शेवटच्या दोन्हींत अनवाणी. मी फिजीक निवडलं त्यामागे शास्त्रशुद्ध विचार काही नव्हता. स्वतःच्या रिसेप्शनला मी टाचांवरून पडले होते, तेही अहेराच्या रांगेसमोर.

मला वाटत होतं, चार वर्षं वजनं उचलली म्हणजे काम झालं. स्टेजवर जायचं, उभं राहायचं, यायचं. कोच म्हणाली, “ताई, माल गोडाउनमध्ये आहे. तो दुकानात मांडायचा कसा, ते आता शिकायचं.” त्या मांडामांडीला पोझिंग म्हणतात आणि वजनं उचलणं त्यापुढे सुट्टी वाटते.

पहिली शिकवणी उभं राहण्याची. सत्तेचाळीस वर्षं मी उभी राहत आले आहे, बऱ्याचदा नऊ-चौदाच्या लोकलमध्ये एका पायावर. पण ते उभं राहणं चुकीचं होतं. सुरुवातीला परीक्षक सगळ्यांना ओळीत उभं करून उजवीकडे पाव-पाव वळायला सांगतात: समोरून, बाजूने, पाठ, दुसरी बाजू, पुन्हा समोर. देवळात जागच्या जागी प्रदक्षिणा घालतो तशी. फक्त इथे देवही आपणच आणि देव नीट घडलाय का, ते बघणारे समोर कागद घेऊन बसलेले. या फेरीला जुन्या लोकांत ‘रिलॅक्स्ड’ म्हणायची पद्धत आहे. या ‘निवांत’ अवस्थेत टाचांपासून मानेपर्यंत सगळं आवळलेलं असतं, पोट आत, छाती वर, पाठ दोन्ही बाजूंनी फुलवलेली, आणि चेहऱ्यावर मात्र नुकताच चहा पिऊन उठल्यासारखा भाव.

पाठ फुलवण्यावर आम्ही पंधरा दिवस काढले. कोच म्हणायची, “लॅट्स उघडा,” म्हणजे पाठीच्या बाजूचे रुंद स्नायू. मी काखा उघडायची. “काखा नाही, लॅट्स!” शेवटी तिला सापडलं. “ताई, ब्लाउज पाठीला जिथे काचतो ना, बाहीच्या खाली? तिथून श्वास घेतल्यासारखं करा.” तत्क्षणी लॅट्स उघडले. तीस वर्षं शिंप्याशी ज्या जागेवरून भांडले, ती माझी सर्वांत चांगली जागा निघाली.

मग मुख्य पोझेस. दोन्ही दंड वर करून दाखवायची फ्रंट डबल बायसेप ही सगळ्यांना ठाऊक असते. बनियनच्या जाहिरातीत पुरुष करतात तीच. पण फिजीकमध्ये बायकांनी मूठ आवळायची नाही. हात उघडे, बोटं नाजूक, कंबर किंचित पिळलेली, एक पाय बाहेर. म्हणजे दंडात भीमाचा जोर आणि बोटांत मात्र भरतनाट्यम. मला जमायचं ते उलटं. दंड ढिले आणि बोटं अशी ताठ, की कोच म्हणाली, “ताई, ट्रॅफिक थांबवताय का?”

आणि या सगळ्यावर हसायचं. हे हसू म्हणजे शरीरातला सगळ्यात हट्टी स्नायू. मांडी आवळली की तो सुटतो, तो धरला की पोट सुटतं. माझ्या सरावाचा व्हिडिओ नवऱ्याने पाहिला आणि काळजीने विचारलं, “कळ कुठे येतेय?”

घरी सराव करायला जागा एकच, स्वयंपाकघर. एकदा दूध तापत ठेवून मी शेगडीकडे पाठ केली आणि फ्रिजच्या चकचकीत दारात बघत दोन्ही दंड वर केले. साठ सेकंद धरायचं होतं. बावन्नाव्या सेकंदाला दूध उतू गेलं आणि त्याच क्षणी सासूबाई दारात आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. मी हात खाली घेणार, तोच त्या म्हणाल्या, “थांब. डावा हात खाली आहे. आणि डावी पोटरी बारीक दिसते.”

सासूबाई सलग सत्तावीस वर्षं कॉलनीच्या रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक होत्या. ठिपक्यांच्या रांगोळीत उजवीकडची एक पाकळी तांदळाएवढी फुगली, तरी त्या पुढच्या दारी निघून जात. कोच ज्याला सिमेट्री म्हणून तीन महिने मला समजावत होती, ते त्यांनी उतू गेलेल्या दुधाच्या वासात दोन वाक्यांत सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन कोच झाल्या. मी जे काही करत होते त्याला त्यांचा आक्षेप नव्हता. “पीळ तुझ्यात आल्या दिवसापासून आहे,” त्या म्हणाल्या. “आता दिसायला लागला एवढंच.”

कपड्यांचं मात्र त्यांना सांगायचं राहिलं होतं. धीर करून सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या नऊवारीतनं पोटरी दिसते म्हणून शेजारीण नावं ठेवायची. लोकांना नऊ वार पुरले नाहीत, तिथे तू दोन वितींचं काय घेऊन बसलीस?”

हे सगळं काढलं कुणी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी जरा इतिहास सांगितला. ज्याचं नाव आपण बनियनला दिलं त्या युजेन सँडोने 1901 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पुरुषांची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत एक शिल्पकार होता आणि दुसरा होता आर्थर कॉनन डॉयल, म्हणजे शेरलॉक होम्सचा कर्ता. नुसत्या बुटाच्या चिखलावरून माणूस ओळखणाऱ्याच्या बापाला अख्खे उघडे पुरुष तपासायला बसवलं. बायकांना मोठा मंच मिळायला 1980 उजाडलं. पहिली मिस ऑलिंपिया रेचल मॅक्लिश.

आणि तेव्हापासून परीक्षकांचं एका प्रश्नावर एकमत नाही: बाईला स्नायू किती असावेत? ‘पम्पिंग आयर्न टू’ नावाचा 1985 चा एक सिनेमा आहे. त्यात ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस, मूळची पॉवरलिफ्टर, बाकीच्या सगळ्यांपेक्षा दणकट देह घेऊन उतरते आणि टेबलाभोवती बसलेले परीक्षक बाई म्हणजे काय यावर वाद घालतात. बेव्ह आठवी येते. पुढे 2004 च्या अखेरीस तर अमेरिकेतून पत्रकच निघालं, की बायकांनी स्नायूंचं प्रमाण वीस टक्क्यांनी कमी करावं. वीस टक्के! मी ते वाचून कितीतरी वेळ स्वतःच्या दंडाकडे बघत बसले. हे मोजायचं कुठून? खांद्यापासून धरायचं की कोपरापासून? जीएसटीसकट की वेगळं? सासूबाईंना मात्र त्यात नवल वाटलं नाही. “सुनेच्या हातच्या मिठाबद्दल असंच बोलतात,” त्या म्हणाल्या. मिस ऑलिंपिया स्पर्धा तर 2014 नंतर बंदच पडली होती, ती 2020 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी आयरिस काइल नावाच्या बाईने ती दहा वेळा जिंकून ठेवली होती. वीस टक्के कमी करून की न करता, ते तिचं तिला ठाऊक.

सासूबाईंना सगळ्यात आवडली ती गुणांची पद्धत. परीक्षक इथे मार्क देत नाहीत, क्रमांक देतात. बेरजेआधी टोकाचे क्रमांक, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट, काढून टाकतात आणि जिची बेरीज सगळ्यात कमी ती पहिली. “म्हणजे वशिलेवाला आणि खुन्नसवाला, दोघेही बाद!” त्या हळहळल्या. “सत्तावीस वर्षांत आमच्या कमिटीला हे सुचलं नाही.”

दुसऱ्यांचं शरीर वाचता आल्याशिवाय स्वतःचं मांडता येत नाही, असं कोचचं मत. म्हणून तिने मला एका स्पर्धेला कागद-पेन देऊन पाचव्या रांगेत बसवलं. पाच मुली, मी माझे क्रमांक लावायचे, मग परीक्षकांच्या निकालाशी ताडून बघायचे. मी पहिला क्रमांक जिला दिला, तिला परीक्षकांनी चौथा दिला. मला तिचा चेहरा आवडला होता, आणि ती आल्याबरोबर वाकून नमस्कार करून उभी राहिली होती. “ताई, तुम्ही सून बघत नाही आहात,” कोच म्हणाली. “ती वळली तेव्हा बघितलंत का?” नव्हतं बघितलं. स्पर्धा पाठीवर जिंकतात, असं या धंद्यात म्हणतात; पुढून सगळ्याच बऱ्या दिसतात.

त्यानंतर माझे डोळे बिघडले ते बिघडलेच. लेडीज डब्यात कड्याला लटकलेल्या बायकांचे मी खांदे तपासायला लागले. एका भाचीच्या लग्नात नवरी हार घालायला हात वर करते तेव्हा सगळे अक्षता टाकत होते आणि मी मनात ‘ट्रायसेप कमी’ असं लिहीत होते. आणि आमची बाजारातली कोळीण! डोक्यावर मासळीची पाटी, कमरेला पदर खोचलेला, पुलाच्या पायऱ्या चढताना पोटऱ्यांत असे दोन बदाम उठायचे, की मी तिच्या मागे गर्दीत अडकले तरी कुरकुर करेनाशी झाले. तिला उभं करा ओळीत, तिला मधली, म्हणजे सगळ्यांत चांगल्यांची, जागा देतील. तिने मला एकदा पकडलं. “काय बघतंस गो?” मी म्हटलं, पोटरी. पापलेट त्या दिवशी महाग पडलं.

स्पर्धेच्या आदल्या रात्री रंग. स्टेजवरचे दिवे एवढे तीव्र, की आपल्या सावळ्या अंगावरचेही उंचसखल भाग धुऊन निघतात, सगळं सपाट दिसतं. म्हणून गडद तपकिरी रंगाचे एकावर एक हात. कोच आणि तिची मैत्रीण मला भिंतीसारखं रंगवत होत्या आणि मी हात पसरून उभी होते. सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. मला बघायला आले होते तेव्हा एका स्थळाने ‘मुलगी सावळी आहे’ म्हणून कळवलं होतं. दुसऱ्याने ‘पत्रिका जुळत नाही’. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. “डाळीचं पीठ आणि साय लावून तुझ्या आईचा जन्म गेला असेल,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तू पैसे देऊन काळी होतेस.” मग पुढे वाकून, “इकडे गुडघ्यामागे राहिलंय बघ,” असं म्हणून स्वतःच स्पंज घेतला. चादरीवर माझा अख्खा नकाशा उमटला, तो तीन धुण्यांत गेला नाही.

स्टेजवरचं मला फारसं आठवत नाही. कपडा सरकू नये म्हणून अंगाला चिकटवलेला गोंद आठवतो, पायाखालचं गार फळकूट आठवतं, आणि पाठ करून उभी असताना आलेली एक मजेदार शांतता. पहिल्यांदाच एवढे लोक मला मागून बघत होते आणि मी पदर सारखा करत नव्हते. माझ्या वयाच्या गटात आम्ही पाच जणी होतो. मी चौथी आले.

खाली उतरल्यावर कोचने मला ढकललंच, “जा, विचारा.” परीक्षकाला विचारता येतं म्हणे, मी कुठे कमी पडले. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा पुसत बसले होते. मी विचारलं. त्यांनी कागद काढला आणि गॅसचं बिल वाचावं तसं वाचून दाखवलं. पाठ चांगली, कंबर चांगली, मांड्यांची रेघ अजून कोरायला हवी, पोझ बदलताना घाई. आणि डावी पोटरी उजवीपेक्षा मागे आहे. मला उगीचच हसू यायला लागलं. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं. पत्रिकेबद्दल ते काही बोलले नाहीत.

घरी आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. नवऱ्याने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी तोवर चार वेळा पाहिला होता, दोनदा आवाज बंद करून. मी परीक्षकांचं सगळं सांगितलं. पोटरीचं आलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, रांगोळीत चुकलेला ठिपका दिसल्यावर हलवायच्या तशी.

“उद्यापासून पाटावर उभी राहून टाचा वरखाली कर. डावीच्या दहा जास्त,” त्या म्हणाल्या. मग मोबाइल डोळ्यांजवळ धरून पुन्हा एकदा बघितला. “आणि ते हसू.”

“काय झालं हसूला?”

“वीस टक्के कमी कर.”