जिन्यातील दिवाण आणि आपत्तीचे वेळापत्रक

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र, म्हणजेच 'नमुना ब', दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. यावरून आगीने वर्षातून दोनदाच आणि तेही पूर्वसूचना देऊन यावे, अशी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांची समजूत झालेली दिसते. एरवी जिन्याचा ताबा चपलांच्या कपाटाकडे असतो. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत विनाअडथळा नेणाऱ्या वाटेस सुटकेचा मार्ग म्हणतात आणि तो मोकळा असावा, हे वार्षिक सर्वसाधारण सभेस तत्त्वतः मान्य असते. परंतु पाचव्या मजल्यावरील कुटुंबाने मुलीच्या लग्नात 'दोन दिवसांपुरता' जिन्यात काढलेला दिवाण कोणी हलवावा, हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत ढकलला जातो आणि आयत्या वेळी चहा येतो. (मुलीची मुलगी एव्हाना शाळेत जाते.)

आपत्तीनुसार सुटकेची दिशा बदलते, ही शास्त्रीय बाब संस्थेच्या पचनी पडलेली नाही. आगीत जिन्याने खाली उतरावे, कारण लिफ्टच्या पोकळीतून धूर वर चढतो आणि वीज गेल्यास लिफ्ट अधांतरी अडकते. भूकंपात हादरे थांबेपर्यंत भक्कम टेबलाखाली डोके सांभाळून बसावे. पुरात मात्र वर जावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सखल भागातील तळमजल्यांना या शेवटच्या नियमाचे प्रात्यक्षिकच मिळाले. तथापि वर गच्ची असते, गच्चीला कुलूप असते, किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी गावी असतात. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांतून चोर आत येऊ शकत नाही, तसेच घरमालकही बाहेर पडू शकत नाही. जाळीत सुटकेसाठी ठेवलेल्या झडपेलाही कुलूपच असून त्याची किल्ली कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांसोबत सुखरूप असते.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात प्राणार्पण केलेल्या जवानांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि उत्साही संस्था त्यानिमित्त रंगीत तालीमही घेतात. अशा तालमीत धोक्याची घंटा वाजताच मालिका ऐकू येत नसल्याची तक्रार वॉचमनकडे प्रथम नोंदवली जाते, त्यानंतर रहिवासी दारांना कुलपे लावून, शिस्तीने रांग करून, लिफ्टने खाली उतरतात आणि तालीम यशस्वी झाल्याची नोंद इतिवृत्तात एकमताने होते.